यंत्रमानवाच्या छातीवरचा उजेड

आप्पासाहेबांनी चित्र खिडकीशी धरलं, चष्मा कपाळावर चढवला आणि वर्गात मागच्या बाकावरच्या पोराला विचारावं तसं विचारलं, "पेंटर, जाळ याच्या पाठीमागं आहे ना? मग याची छाती कुणाच्या उजेडात चमकतेय?"

राधाकृष्ण चित्राकडं बघत राहिला. एरवी तो बोलण्यात कुणाला हार जाणारा गडी नव्हता. तीन सालांमागं आप्पासाहेबांनी आगीतल्या बाईचे केस जळत कसे नाहीत म्हणून शंका काढली होती, तेव्हा त्यानं फटकन सांगितलं होतं की टकली बाई काढतो, मग अंक कोण विकत घेतंय बघा. दोघंही पोट धरून हसले होते. आप्पासाहेबांनी तीस वर्षं हायस्कुलात सायन्स शिकवलं आणि रिटायर झाल्यावर चितळे रोडला हा छापखाना घातला. लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापून जे उरेल ते ते दर दिवाळीला विज्ञानकथांच्या अंकात घालवत. तो अंक पाचशे लोक घेत आणि वीस वाचत, असं ते स्वतःच म्हणायचे. घेणारे मुखपृष्ठासाठी घेत आणि मुखपृष्ठ राधाकृष्णचं असे. यंदाचं चित्र असं होतं: लाल आभाळ, जळतं शहर, आणि शहराकडं पाठ करून उभा दहा फुटी यंत्रमानव. डोक्याला काचेचा घुमट, तोंडाच्या जागी जाळी. दोन्ही हातांवर आडवी एक बाई, मान मागं टाकलेली, केस खाली लोंबलेले. यंत्रमानवाची पत्र्याची छाती अशी लखलखत होती की तीत बघून भांग पाडावा. प्रश्न बरोबर होता. आणि राधाकृष्णला तो आज नको होता, कारण अकरा वाजता त्याला सेशन कोर्टात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून नेमकं एवढंच सांगायचं होतं की उजेड कुठल्या बाजूनं होता.

आप्पासाहेबांना कोर्टाचं ठाऊक नव्हतं असं नाही, पण तारीख आजचीच आहे हे त्यांच्या ध्यानात नसावं. दुपारच्या एसटीनं चित्र पुण्याला छपाईचा ब्लॉक करायला जायचं होतं, त्यांना त्याची घाई. ते म्हणाले, छाती काळी करा, दहा मिनिटांचं काम आहे. राधाकृष्ण म्हणाला, काळी केली तर यंत्रमानव दिसणारच नाही, नुसता आकार दिसेल. आप्पासाहेब म्हणाले, "मग तसंच दिसतं ना! जाळाच्या पुढं उभ्या माणसाचा नुसता आकारच दिसतो. तोंड दिसत नाही. होळीला बघा कधी." हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की राधाकृष्णला त्यांच्या हातातलं चित्र हिसकावून टराटरा फाडावंसं वाटलं. त्यानं फाडलं नाही. नंतर करतो म्हणाला, चित्र टेबलावर तसंच टाकलं आणि जिना उतरून रस्त्यावर आला.

हा यंत्रमानवांचा नाद त्याला लागला तो भिंगार कॅम्पातल्या रद्दीतून. कुण्या लष्करी साहेबाची बदली झाली आणि बंगल्यातली पेटी रद्दीवाल्याकडं आली. आत अमेरिकेतली जुनी मासिकं होती, त्याच्या जन्माच्याही आधीची, पानं पिवळी पडलेली, कव्हरं मात्र जिलबीच्या रंगाची. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं आणि वाचायची गरजही नव्हती. कव्हरवर सगळं लिहिलेलं असे. पत्र्याचे राक्षस माणसांना तुडवत होते, इमारती मुठीत चुरडत होते, विमानं माश्यांसारखी मारत होते. आणि दर दोन-तीन अंकांमागं एकजण तरी बाईला हातांवर घेऊन उभा असे. एक हात गुडघ्यांखाली, एक खांद्यांखाली. बाईचं तोंड उघडं, डोळे मिटलेले. तिला मारायला नेतोय की वाचवून आणतोय हे एकाही चित्रावरून सांगता यायचं नाही. राधाकृष्ण तासन् तास बघत बसे. त्या परमुलखातल्या चितारणाऱ्यांची एक लबाडी त्यानं पहिल्या आठवड्यात पकडली होती. आग मागं असो की पुढं, चंद्र असो की नसो, यंत्रमानवाची छाती कायम चमकायची. ही लबाडी त्याला परकी नव्हती. तो ज्यांच्या हाताखाली पाट्या रंगवायला शिकला ते रंगनाथ पेंटर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "उजेड कायम गिऱ्हाइकाच्या बाजूनं मारायचा. सूर्य कुठं का उगवंना, आपल्याला काय करायचंय?" पेढ्यांचं दुकान असो की पुढाऱ्याचं तोंड, नगरातल्या निम्म्या पाट्यांवरचा उजेड असाच खोटा होता आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

चांगुणाचं मात्र सगळं बिघडलं. चांगुणा त्याची धाकटी बहीण. गाव तिसगावाकडचं. विहिरीला पाणी नाही, जमिनीत माती कमी न् दगड जास्त. तिकडं एक रीत होती, आजही आहे: लेक पाण्याच्या गावात द्यायची. मुलगा कसा का असेना, आधी विहीर बघायची. बाप वारलेला, म्हणून विहीर बघायला राधाकृष्णच गेला होता. श्रीगोंद्याकडं नवऱ्यामुलाच्या, बन्सीच्या मळ्यात उभं राहून त्यानं खाली वाकून पाणी पाहिलं, वर उभा ऊस पाहिला आणि घरी येऊन आई राहीबाईला म्हणाला की पोरगी आता जन्मात हंडा घेऊन दोन कोस चालायची न्हाई. बन्सीच्या तोंडाकडं त्यानं नीट पाहिलंच नव्हतं. पहिल्या दिवाळीला चांगुणा आली ती डाव्या हाताची दोन बोटं वाकडी घेऊन. उसाच्या कांड्यानं मारतो म्हणाली. सोलायचंसुद्धा न्हाई, पाल्यासकट. आईनं हळद लावली. चौथ्या दिवशी राधाकृष्णनं तिला स्टँडवर नेऊन श्रीगोंद्याच्या गाडीत बसवलं. गाडी सुटेपर्यंत ती खिडकीतून काही बोलली नाही आणि त्यानंही काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, आणि सांगितलं असतं तर तिला गाडीतून उतरवावं लागलं असतं.

कापड बाजारातून चालताना त्याला घाम फुटला. सप्टेंबर सरत आला तरी पावसाचा पत्ता नव्हता. गर्दीतून वाट काढताना त्याच्या उजव्या हाताची मूठ आपोआप वळली होती. गेलं दीड वर्ष ती अशीच वळत होती. या दीड वर्षात त्यानं मनातल्या मनात बन्सीला किती वेळा मारला याची गणती नव्हती. रंग कालवताना मारला, जेवताना मारला, अंघोळीला पाणी ओतून घेताना मारला. कधी दगडानं, कधी कुऱ्हाडीनं, पण समाधान व्हायचं ते नुसत्या हातांनी मारताना. गळा धरायचा, अंगठे कंठाच्या दोन बाजूंना रुतवायचे आणि डोळे बाहेर येईपर्यंत दाबायचं. मग त्याच हातानं तो यंत्रमानव काढी आणि ते यंत्रमानव असे उतरत की आप्पासाहेब चक्रावून जात. एका चित्रात त्यानं पत्र्याच्या मुठीत चिरडलेलं डोकं काढलं होतं, इतकं बारकाईनं की आप्पासाहेबांनी ते परत पाठवलं. पोरं झोपायची नाहीत म्हणाले. राधाकृष्ण मात्र त्या रात्री गाढ झोपला होता.

गेल्या सालच्या फाल्गुनातली गोष्ट. बन्सीनं नवी ट्रॉली घेतली होती आणि तिच्यावर नाव घालायला मेव्हण्यालाच बोलावलं होतं. घरचा पेंटर असताना बाहेरचा कशाला? राधाकृष्ण रंगाचे डबे घेऊन गेला. सकाळी अंगणात ट्रॉलीच्या फळीवर त्यानं दोऱ्यानं रेघा मारल्या आणि बन्सीचं नाव लिहायला घेतलं. आत भिंतीपलीकडं सुरुवात झाली. आधी बन्सीचा आवाज, मग कांड्याचा आवाज. चांगुणाचा आवाज नव्हता. कांडं अंगावर बसलं की जाडसर, ओला आवाज येतो. तो त्यानं पहिल्यांदा ऐकला. 'ब'चं पोट पिवळ्या रंगानं भरून झालं होतं आणि आता अक्षरांना सावली द्यायची होती, म्हणजे उजेड डावीकडून की उजवीकडून ते ठरवायचं होतं. त्यानं ते ठरवलं. आत आवाज चालू होते आणि बाहेर ब्रश चालू होता, एकही रेघ वाकडी गेली नाही. मधेच चांगुणा एकदा म्हणाली, "दादा बाहेर हाय, निदान आज तरी." तेवढं स्पष्ट ऐकू आलं. बन्सी म्हणाला, "हाय तर हाय. बोलव की त्याला." मग क्षणभर सगळं थांबलं. तिघंही थांबले होते. राधाकृष्णच्या हातातल्या ब्रशवरून निळ्या रंगाचा थेंब खाली पडला, त्यानं तो चिंधीनं पुसला आणि 'न'ची सावली सुरू केली. आतला आवाजही पुन्हा सुरू झाला.

हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. आईला नाही, फौजदाराला नाही. स्वतःलाही अर्धवटच सांगितलं होतं. सांगितलं ते संध्याकाळचं. ऊस तुटून गेलेल्या फडात पाचट पेटवलं होतं, दिवस नुकता बुडाला होता. तो विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीपाशी ब्रश धूत होता. मग आरडाओरडा. मग जाळापाशी बन्सी, हातांवर चांगुणा आडवी. लोक पोचले तेव्हा ती बांधावर होती, ओळखू येत नव्हती, आणि बन्सी शेजारी बसून कोपरापर्यंत भाजलेले हात मातीत घासत होता. दवाखान्याच्या वाटेवरच ती गेली, एक शब्द न बोलता. दुसऱ्या दिवशी फौजदारानं विचारलं, तुम्ही काय पाहिलं? आई शेजारी बसली होती. भावकी उभी होती. राधाकृष्ण म्हणाला, हा तिला उचलून जाळाकडं नेत होता. नेत होता की आणत होता, कशावरून? तर म्हणाला, तोंडावर जाळाचा उजेड होता, दात दिसत होते. फौजदारानं मान हलवली. तोंडावर उजेड म्हणजे तोंड जाळाकडं. बन्सीनं आत टाकली आणि माणसं धावत येताना दिसल्यावर ओढून काढली, असं कागदावर आलं. बन्सी म्हणत राहिला की मी वाचवायला गेलो. पण भाजलेले हात दोन्हीकडून बोलतात. सगळी केस त्या एका उजेडावर उभी होती.

आणि तो उजेड गेले दीड वर्ष राधाकृष्णच्या डोळ्यांपुढं होता. लखलखीत, खरा, शपथेवर सांगावा असा. आत्ता भर बाजारात चालताना त्यानं ते दृश्य पुन्हा रंगवायला घेतलं, नव्या कागदावर घ्यावं तसं. आपण मोटारीच्या खोलीपाशी. पुढं रिकामी सरी. त्यापुढं बन्सी. जाळ कुठं? जाळ बन्सीच्या पलीकडं. तो जाळाकडं जात असता तर आपल्याला त्याची पाठ दिसली असती. आपल्याला तर छाती दिसली. छाती म्हणजे आपल्याकडं तोंड, आपल्याकडं तोंड म्हणजे जाळाकडं पाठ. आणि तोंड? तो एका भांड्याच्या दुकानापुढं थांबला. तोंड दिसलंच नव्हतं. नुसता काळा आकार दिसला होता, हातांवर दुसरा आकार. बन्सी आहे हे ओळखलं ते चालीवरून. ते दात, ती चमक, ती छाती सगळी कव्हरवरची होती. पत्र्याच्या जाळीचे दात त्यानं बन्सीच्या तोंडात बसवले होते. उजेड गिऱ्हाइकाच्या बाजूनं मारला होता, आणि गिऱ्हाईक म्हणजे फौजदार, भावकी, आई. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तो स्वतःच. दुकानदारानं काय पाहिजे म्हणून विचारलं, तो काही नाही म्हणाला आणि पुढं निघाला. आता त्याच्याआधीचंही दिसायला लागलं होतं. आरडाओरड्याच्या आधी चांगुणा बांधावरून एकटी गेली होती. हातात काही नव्हतं. संध्याकाळी बांधाशी आणून लावलेल्या ट्रॉलीपाशी क्षणभर थांबून तिनं नव्या अक्षरांकडं पाहिलं, मग त्याच्याकडं पाहिलं, आणि पेटलेल्या फडाकडं चालत गेली. त्याला वाटलं, पाचट सारायला चालली असेल. खरंच तसं वाटलं होतं का, हे आता कोण सांगणार?

खरं सांगितलं तर बन्सी सुटतो. ज्यानं बोटं मोडली, ज्यानं वर्षभर पाल्यासकट कांडी तिच्या अंगावर मोडली, तो घरी जाऊन नवीन बायको करील. खोटं सांगितलं तर फासावर जाईल, निदान जन्मठेप, आणि तेही काही अन्यायाचं होणार नाही असं मन सारखं म्हणत होतं. पण मनाची दुसरी खेळी त्याला आता कळली होती. बन्सीनं तिला जाळात टाकलं असेल तर राधाकृष्णनं काहीच केलेलं नव्हतं. ती आपल्या पायांनी गेली असेल, तर मग सकाळ मोजावी लागते. ती ब्रशची, ती थेंबाची, ती थांबण्याची. बन्सीला फाशी हवी होती ती या सकाळवर माती टाकायला. त्याला स्वतःची किळस आली, आणि त्यातच तो कोर्टाच्या आवारात शिरला.

राहीबाई पायरीवर बसली होती. काल संध्याकाळीच गावाहून आली होती, लुगड्याच्या पदरात भाकरी बांधून. त्याचं तोंड बघून ती म्हणाली, "भ्यायचं न्हाई. पयल्या बारीला जे सांगितलंस त्येच सांगायचं." तो तिच्याशेजारी बसला. एकदा वाटलं, आधी हिला सांगावं. मग तिच्या हाताकडं नजर गेली. ती अंगठ्यानं दुसऱ्या हाताच्या बोटांची पेरं मोजत होती, पुन्हा पुन्हा. चांगुणाच्या मोडक्या बोटांना हळद लावली तेव्हा ती अशीच पेरं चाचपत बसली होती. तेवढ्यात पुकारा झाला.

पिंजऱ्यात उभं राहिल्यावर त्या दिवसानंतर पहिल्यांदा त्याला बन्सी दिसला. निम्मा झाला होता. कोपराखालची कातडी गुलाबी, चुरगळलेली. सरकारी वकिलांनी नाव, धंदा, नातं विचारून घेतलं आणि मग हलकेच, घासून पुसून ठेवलेला प्रश्न पुढं केला की आरोपीच्या तोंडावर उजेड होता का. राधाकृष्ण म्हणाला, नव्हता. वकिलांना वाटलं, साक्षीदार गोंधळला. त्यांनी पुन्हा विचारलं. राधाकृष्ण म्हणाला, "जाळ त्याच्या पाठीमागं होता. मला तोंड दिसलंच नाही. तो तिला बाहेर आणत होता." कोर्टात कुजबुज झाली. वकिलांचा आवाज चढला, साक्षीदार फितूर झाला म्हणाले, मग जबाबाचा कागद नाचवून विचारलं की पैसे किती घेतले. पैसे घेतले नाहीत. मग तेव्हा खोटं का बोललात? त्याला कव्हरं आठवली, पण हे कोर्टात कसं सांगायचं? आप्पासाहेबांना कदाचित कळलं असतं. शेवटी वकील चिडून म्हणाले, तुमच्या म्हणण्याप्रमाणं आरोपी वाचवत होता, तर मग धडधाकट बाई जाळात गेलीच कशाला?

हा प्रश्न त्याला कुणी दीड वर्षात विचारला नव्हता. तो म्हणाला, "सकाळी हा तिला घरात मारत होता. कांड्यानं, बराच वेळ. मी अंगणात याच्या ट्रॉलीवर याचं नाव लिहीत होतो. तिनं मला ऐकू जाईल असं म्हटलं की दादा बाहेर हाय. मी लिहीत राहिलो." न्यायाधीशांनी वर पाहिलं आणि विचारलं, हे तुम्ही ऐकलं? तो म्हणाला, "सगळं ऐकलं. नाव पुरं केलं." हे टायपिस्टनं टाइप केलं. यंत्राच्या कळा पडत होत्या आणि मागच्या बाकावर राहीबाई सगळं ऐकत बसली होती.

जेवणाच्या सुट्टीत व्हरांड्यात दोन शिपाई बन्सीला बाकावर घेऊन बसले होते. हातकड्यांची साखळी एकाच्या पट्ट्याला अडकवलेली. राधाकृष्णला त्याच्यापुढूनच जावं लागत होतं. बन्सी उठून उभा राहिला, साखळी खळखळली. त्याचे डोळे भरून आले होते. बेडी घातलेले दोन्ही हात जोडून तो म्हणाला, "पाव्हणं, लई उपकार झालं. तुमी देवमाणूस." आणि वाकून त्याच्या पायांना हात लावायला लागला.

पहिला तडाखा राधाकृष्णनं त्याच्या वाकलेल्या मानेवर हाणला. बन्सी गुडघ्यांवर आला. दुसरा तोंडावर, नाकाचं हाड कोंबडीच्या हाडासारखं मऊ लागलं. मग मोजदाद राहिली नाही. त्यानं केस धरले आणि डोकं बाकाच्या कडेवर आपटलं, दोनदा. रक्त फरशीवर सांडलं, त्याच्या सदऱ्यावर उडालं. बन्सी हात वर करायचा प्रयत्न करत होता पण साखळी पुरत नव्हती, आणि शिपाई ओढत होता त्यामुळं तो आणखीच सापडत होता. राधाकृष्णला त्या सगळ्या घाईतही स्वच्छ कळलं की ज्याला हात उचलता येत नाही त्याला मारणं किती सोपं असतं. किती बरं वाटतं तेही कळलं. बन्सीला रोज सकाळी हेच वाटत असणार. तरी तो थांबला नाही. त्याला बन्सीकडून एकच गोष्ट हवी होती, त्यानं ओरडावं, घरभर ऐकू जाईल असं ओरडावं. बन्सी ओरडला नाही. चांगुणाही ओरडली नव्हती. चार माणसांनी मिळून त्याला मागं खेचलं आणि हात पाठीमागं पिळून भिंतीशी दाबून धरलं. तो धापा टाकत होता, बोटांची सालटी निघाली होती.

गर्दीच्या पलीकडं राहीबाई उभी होती. तिनं पदर सावरला नव्हता. लोकांना वाटलं ती आता रडेल, पोराच्या गळ्यात पडेल, निदान आरोपीवर थुंकेल. ती सावकाश जवळ आली, राधाकृष्णच्या सदऱ्यावरच्या रक्ताकडं बघितलं, खाली पडलेल्या बन्सीकडं बघितलं, आणि पुन्हा त्याच्याकडं.

"आता व्हय रं?" ती म्हणाली.